हेनीच्या गाडीचा मधला पाइप

कॉर्विन झाइलस्ट्राने डोळे मिटून "आमेन" म्हणायला तोंड उघडलं आणि जेवणाच्या टेबलाखालून एक भलंमोठं इंजिन गुरगुरलं.

जेवण झालं की बायबलमधला एक उतारा वाचायचा, मग प्रार्थना आणि मगच ताटं उचलायची, हा त्या घरचा नेम होता. त्यात आजवर एकदाच खंड पडला होता, तोही ओव्हनने पेट घेतला म्हणून. कॉर्विनने एक डोळा किलकिला केला. समोर त्याची बायको हेनी अतिशय भाविक चेहऱ्याने बसली होती, पण तिचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"हेनी."

"आमेन," हेनी म्हणाली.

"एच होता की एक्स?"

"एच." हेनीने फोन वर काढला. "मला वाटलं आवाज बंद केलाय. पण चांगला आहे ना?"

"मी देवाशी बोलत होतो गं."

"त्यालाही आवडला असेल. आता एक्स ऐक. लागोपाठ ऐकले की फरक कळतो."

कॉर्विन चर्चचा एल्डर होता, म्हणजे गावाने संयमासाठी निवडून दिलेला माणूस. त्याने एक्सही ऐकला. त्याला फरक कळला नाही, पण संसारही बराच जुना होता, त्यामुळे तो "हं, हा वेगळा आहे" एवढं म्हणून ताटं उचलायला लागला.

हेनीने उभा जन्म मिशिगनच्या बर्फातून शाळेची पिवळी बस चालवली होती आणि आरशात बघून मागच्या बाकावरची भांडणं सोडवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या न्यू ब्रेडा गावातल्या बायका गोधड्या शिवतात किंवा फ्लोरिडाला जातात. हेनीने आठ सिलिंडरची एक जुनी निळी मस्टँग घेतली. गाव महिनाभर बोललं आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळलं. गाडी ठणठणीत होती. फक्त इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर जे मीठ टाकतात, त्याने तिचा मधला पाइप खाऊन टाकला होता. इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाचा धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी ती जोडनळी ठिकठिकाणी फुटली होती आणि गाडी दम्याच्या पेशंटसारखी खोकत होती.

नवा पाइप दोन प्रकारचा मिळतो. एच म्हणजे दोन समांतर नळ्या आणि मध्ये शिडीची एकच पायरी. एक्स म्हणजे दोन नळ्या मध्येच गळ्यात गळा घालून पुन्हा वेगळ्या झालेल्या. एचचा आवाज जाड, पोटातून येणारा. एक्सचा चढा, धारदार. एरवी हेनीने नाणं उडवून ठरवलं असतं. पण या पाइपावर तिच्या बाबांचं खोलीबाहेर येणं अवलंबून होतं.

रेंडर पोस्टमा गावातल्याच वृद्धाश्रमात राहत. चर्चच्या गायकवृंदाला त्यांनी तीन पिढ्या सूर शिकवला होता. गेल्या थंडीत हेनीची आई गेली आणि बाबांनी खोलीचं दार लावून घेतलं, ते लावूनच घेतलं. जेवण खोलीत, प्रार्थना खोलीत, तोंड भिंतीकडे. हेनी रोज जायची, हवापाण्याचं बोलायची, आईचं नाव टाळायची आणि परत यायची. उत्तर म्हणून फार तर एक "हं" मिळायचा.

वसंतात एके दिवशी मात्र तिने नुकतीच खाली गाडी लावली होती आणि ती खोलीत शिरते न शिरते तोच भिंतीकडून आवाज आला.

"तो खटारा तुझा का?"

हेनी दारातच थांबली. "हो, बाबा."

"बेसूर आहे."

"पाइप गंजलाय."

"डावी बाजू एक गाते, उजवी भलतंच. एकमेकांचं ऐकतच नाहीत. लाज नाही वाटत अशी गाडी गावातून फिरवायला?"

एवढी लांब वाक्यं बाबा कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. हेनीने जीव मुठीत धरून विचारलं, "नीट करून आणली तर खाली येऊन ऐकाल?"

बाबांनी भिंतीवरून मान जराशी वळवली. मग म्हणाले, "माझ्या वाढदिवसाला आण. रविवारच आहे. चर्च सुटल्यावर. आधी खिडकीतून ऐकेन. बरं वाटलं तर खाली येईन. बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे दुसऱ्यांची शपथ. हेनी खाली येऊन गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मग नाक पुसून तिने फोन काढला आणि पाइप शोधायला सुरुवात केली.

"आपण त्यांना माझ्या व्हॅनमधून आणू की," कॉर्विन म्हणाला. "गरम सीट आहे. आवाज नाही."

"अरे, ते गाडीत बसायला तयार झालेले नाहीत. ऐकायला तयार झालेत. व्हॅनचं काय ऐकणार ते?"

आपली व्हॅन कुणाला ऐकू येऊ नये म्हणूनच तर कॉर्विनने ती घेतली होती.

गावात कुठलीही गोष्ट गुप्त राहते ती फक्त ऐकणारा बहिरा असला तरच. रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे पुढच्याच आठवड्यात दोन तट पडले. एचवाले म्हणत, हाच खरा, आमच्या तरुणपणीच्या गाड्यांचा आवाज. एक्सवाले म्हणत, तुमचं तरुणपण संपलं, आता ताकद बघा. दोन सख्ख्या भावांनी या वादात शेताच्या बांधावरून एकमेकांची जुनी उणीदुणी काढली. शेवटी तरुण डॉमिनी, म्हणजे त्यांचे पाद्री, कप हातात घेऊन जवळ आले.

"या दोन्हींत शांत कुठला?" त्यांनी विचारलं.

दोन्ही तटांनी त्यांच्याकडे सारख्याच कीवेने पाहिलं. त्या क्षणापुरती गावात एकी झाली.

शेजारचा लॅव्हर्न काउपर कट्टर एक्सवाला होता. गावातल्या प्रत्येक गाडीखाली तो कधी ना कधी झोपलेला होता. हेनीने एच ठरवलाय हे कळताच तो कुंपणावरून म्हणाला, "चूक करतेयस. एक्सला एकदा वेग आला ना, अंगावर काटा येतो."

"बाबांच्या अंगावर काटा नकोय मला. त्यांना जाड आवाज आवडतात. वरच्या पट्टीतल्या बायकांशी त्यांचं कधी पटलं नाही. आईसुद्धा खालच्या पट्टीत गायची."

लॅव्हर्नने टोपी मागे सरकवली. "बरं. एच तर एच. पण मागवायचं काम माझ्यावर सोड. पूर्ण किंमत देऊ नकोस बाई."

न्यू ब्रेडात पूर्ण किंमत देणं हा गुन्हा नाही, पण त्या माणसाच्या मुलींची लग्नं जरा उशिरा होतात. हेनीने मान डोलावली. लॅव्हर्नने दोन संध्याकाळी खर्ची घालून असा एच शोधला, की जो कुणीतरी एकदा नेऊन परत केला होता, खोक्याचा कोपरा चेपला होता आणि त्यापायी किंमत निम्मी झाली होती. तो इतका खूश झाला की एक्सवाला असल्याचंही विसरला. परत का केला असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. निम्म्या किमतीपुढे असले प्रश्न पडत नाहीत.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हेनीच्या अंगणात गाडी जॅकवर चढली. अशा कामाला इथे कुणी मजुरी घेत नाही. हॅम भरलेले पाव आणि केळ्याचा केक एवढ्यावर चार घरची माणसं पाने घेऊन हजर होतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा पाना चुकीचा कसा आहे ते सांगतो. जुन्या पाइपाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल घातलं, तापवले, ठोकले. कॉर्विनने एकदा मनातल्या मनात प्रार्थनाही केली. शेवटी लॅव्हर्नने करवत घेतली.

"कापला की परतीचा रस्ता बंद हं," कॉर्विन म्हणाला.

"परत जायचंय कुणाला?" हेनी गाडीखालूनच ओरडली. "काप!"

दिवस कलला तेव्हा जुना पाइप तीन तुकड्यांत गवतावर पडला होता आणि सगळे त्याच्याभोवती उभं राहून पाव खात होते. मग नवा एच दोघांनी उचलून वर धरला. मागची टोकं सायलेन्सरला झकास बसली. पुढची टोकं इंजिनाच्या दिशेने गेली, गेली आणि वीतभर अलीकडेच थांबली.

"ढकल अजून," लॅव्हर्न म्हणाला.

"संपला," कॉर्विन म्हणाला.

"काय संपला?"

"पाइप संपला, लॅव्हर्न."

लॅव्हर्नने जाऊन खोकं उलटंसुलटं केलं. चेपलेल्या कोपऱ्यावर, घडीच्या आत, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इंजिनाच्या तोंडाशी जास्त लांबीच्या नळ्या बसवून घेतलेल्या गाड्यांसाठीच हा पाइप आहे. हेनीच्या गाडीला त्या नव्हत्या.

"म्हणून परत केला होता होय," लॅव्हर्न हळूच म्हणाला, आणि त्या रात्री त्याला केळ्याचा केक गोड लागला नाही.

गावातली दुकानं बंद झाली होती. उद्या रविवार. रविवारी न्यू ब्रेडात गवत कापत नाहीत, गाडी धूत नाहीत, खिळा ठोकत नाहीत आणि काहीही विकत घेत नाहीत. हायवेवरचं एक दुकान रविवारी उघडं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते कसं ठाऊक, हे कुणी कुणाला विचारत नसे.

"बाबांना फोन करून सांग, पुढच्या आठवड्यात आणते म्हणून," कॉर्विन म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून असतील," हेनी म्हणाली. "मी ओळखते त्यांना. एकदाच उघडलंय दार. ते म्हणतील, मला माहीतच होतं."

कॉर्विनने तिच्या ग्रीसने माखलेल्या हातावर हात ठेवला.

सकाळी चर्चला निघतानाच वृद्धाश्रमातून येसेनियाचा फोन आला. बाबांची सगळी उस्तवार ही मुलगी करायची.

"मिसेस झाइलस्ट्रा, चमत्कार! मिस्टर पोस्टमांनी सूट मागितलाय. टाय दोनदा बदलला. नाश्त्याला सगळ्यांना निरोप पाठवला, माझी मुलगी गाडी ऐकवायला येणारेय म्हणून. मी सगळ्यांना पांघरुणं घालून व्हरांड्यात बसवणार आहे. येताय ना?"

"येतोय," हेनी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर एकदा गाडीखाली वाकून पाहून आली.

प्रवचन कशावर होतं ते तिला विचारू नका. कॉर्विनने पेपरमिंटची गोळी पुढे केली ती तिने घेतली आणि चघळायची सोडून कडाकडा फोडली. शेवटचं स्तोत्र संपताच ती तळघरात उतरली आणि थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथे फळीवर कॉफीचे दोन मोठे पत्र्याचे डबे होते.

"लॅव्हर्न," ती म्हणाली, "हे डबे उभे चिरले, त्या वीतभर जागेवर गुंडाळले आणि वरून पट्टे आवळले, तर वृद्धाश्रमापर्यंत टिकतील?"

लॅव्हर्नच्या चेहऱ्यावर रात्रीपासून पहिल्यांदा तरतरी आली. "टिकतील! पट्टे आहेत माझ्याकडे. अर्ध्या तासाचं काम."

'काम' हा शब्द ऐकताच तळघरातले कप जागच्या जागी थांबले.

"आज रविवार आहे," एक वयस्क एल्डर म्हणाले.

"बैल विहिरीत पडला तर रविवारीही बाहेर काढावा, असं बायबलात लिहिलंय," लॅव्हर्न म्हणाला.

"गाडी म्हणजे बैल नव्हे."

"चार पाय आहेत, ओढते, खाते. बैलापेक्षा जास्तच खाते."

"आणि ती विहिरीत पडलेली नाही. कॉर्विनच्या अंगणात उभी आहे. मी येताना पाहिली."

"जॅकवर आहे ती! म्हणजे अधांतरीच की!"

"बैल आपण होऊन पडतो. हिचा पाइप तुम्ही करवतीने कापलात. आपल्या हाताने बैल विहिरीत ढकलायचा आणि मग रविवारी काढायचा, असं कुठे लिहिलंय?"

हा मुद्दा बिनतोड होता. लॅव्हर्नने कॉफीचा कप तोंडाला लावला. हेनी डब्यावर हात ठेवून उभी होती आणि आपण रडायचं नाही असं स्वतःला बजावत होती. मग डॉमिनींनी घसा साफ केला. गाड्यांच्या बाबतीत त्यांना या तळघरात काडीची किंमत नव्हती, पण बैल त्यांचा विषय होता.

"मला पाइपातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण गेल्या थंडीपासून मी दर आठवड्याला रेंडर पोस्टमांच्या दाराबाहेर उभा राहून प्रार्थना करून परत येतोय. तेव्हा विहिरीत कोण पडलंय, ते एकदा नीट बघा. गाडी नाही."

कॉर्विन उठला. त्याने रविवारचा कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि खिडकीतून आत वाकून विचारलं, "डबे रिकामे आहेत का?"

"भरलेत," आतली बाई म्हणाली. "पण ओतून देते कढईत. डबे मात्र परत हवेत हं मला."

त्या दुपारी न्यू ब्रेडातली कुटुंबं शांतपणे घरी निघाली होती. झाइलस्ट्रांच्या अंगणापाशी प्रत्येक गाडीचा वेग कमी होत होता, कारण निळ्या मस्टँगखालून एका एल्डरचे पॉलिश केलेले काळे बूट बाहेर आले होते आणि त्यांच्या शेजारी साक्षात डॉमिनी गुडघ्यावर बसून टॉर्च धरून होते. पट्टे आवळले गेले. जुना पाइप काढल्यावर लोंबत राहिलेल्या वायरी लॅव्हर्नने वर बांधल्या. गाडी जॅकवरून खाली आली. हेनीने चावी फिरवली.

काय आवाज आला! जाड, घुमणारा, पोटातून. डबे थोडे थरथरत होते, पण सूर धरून होते. कट्टर एक्सवाल्या लॅव्हर्ननेही टोपी काढली.

"हळू," शेजारी बसलेला कॉर्विन म्हणाला. "अंडी घेऊन चाललोय असं समज."

हेनीने बसमध्ये साठ पोरं असताना चालवली नसेल इतकी हळू गाडी चालवली. चर्च गेलं, ग्रंथालय गेलं. मागे लॅव्हर्न आणि डॉमिनी व्हॅनमधून येत होते. मग रेल्वेचं फाटक आलं. रूळ ओलांडताना ठण्ण झालं, आणि आरशात एक कॉफीचा डबा व्हॅनच्या दिशेने गडगडत जाताना दिसला.

"डावा गेला," कॉर्विन म्हणाला.

"एक आहे अजून," हेनी दात आवळून म्हणाली. आता गाडीची एक बाजू गात होती आणि दुसरी किंचाळत होती.

वृद्धाश्रमाच्या वळणावर उजवा डबा नुसता पडला नाही, सुटला. तो उडाला आणि कुणाच्या तरी ट्युलिपच्या वाफ्यात जाऊन रुतला. आणि मग त्या आठही सिलिंडरांना मध्ये अडवणारं कुणीच उरलं नाही. जो गडगडाट सुरू झाला त्याने झाडावरचे पक्षी उडाले, दोन पार्क केलेल्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले आणि रविवारच्या पवित्र शांततेत न्यू ब्रेडाच्या शेवटच्या घरापर्यंत कळलं की हेनी झाइलस्ट्रा बापाला भेटायला आली आहे.

व्हरांड्यात पांघरुणं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकसाथ कानांवर हात ठेवले. एका आजीबाईंनी मात्र ठेवलेले काढून टाळ्या वाजवल्या. हेनीने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर बाबांची खिडकी उघडी होती. पडद्यामागे पांढरं डोकं दिसलं. पुढच्याच क्षणी खिडकी धाडकन बंद झाली.

"बंद कर, हेनी," कॉर्विन ओरडला. "बंद कर आता!"

तिच्या हातून चावी फिरेना. बंद केली की संपलं, असं तिला वाटत होतं. मग परत घर, परत हवापाणी, परत भिंतीकडे तोंड. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि गाडी तशीच गरजत होती.

तेवढ्यात दर्शनी दार उघडलं आणि रेंडर पोस्टमा बाहेर आले. अंगात काळा सूट, गळ्यात निळा टाय, हातात काठी. मागून येसेनिया "थांबा, मिस्टर पोस्टमा, पायऱ्या आहेत!" म्हणत धावत होती. ते थांबले नाहीत. रागाने लालबुंद होऊन ते पायऱ्या उतरले, हिरवळ ओलांडून थेट गाडीच्या नाकासमोर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर करून मूठ वळली. ही मूठ वळली की चाळीस गळे एका क्षणात गप्प होत. हेनीचा हात आपोआप चावीवर गेला आणि इंजिन थांबलं.

"हे," बाबा म्हणाले, "हे काय आणलंस?"

"बाबा, पाइप आखूड निघाला." हेनी गाडीतून उतरली. "मग आम्ही डबे लावले. डबे उडाले."

"कुणी आणला आखूड पाइप?"

व्हॅनमधून उतरलेला लॅव्हर्न डॉमिनींच्या मागे सरकला. "निम्म्या किमतीत मिळाला होता, सर," तो तिथूनच म्हणाला. एके काळी तोही त्यांच्या वृंदात मागच्या रांगेत उभा राहायचा.

"निम्म्या?" बाबांचा आवाज जरा खाली आला. "मग सौदा वाईट नव्हता." ते काठी टेकत गाडीच्या डाव्या बाजूला गेले. "चालू कर."

"बाबा, कान फुटतील."

"चालू कर म्हणतो ना!"

तिने चालू केली. ते डाव्या अंगाला वाकले, डोळे मिटले. मग फेरी मारून उजवीकडे गेले. त्यांनी पुन्हा मूठ वळली.

"आवाज उत्तम आहेत," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंचे. नुसते मोकळे सोडलेत तुम्ही, एवढंच. पहिल्या वर्षी माझा वृंद अगदी असाच होता. जोडतात कसे यांना?"

हेनीने दोन्ही हात पुढे केले. बोटांनी शिडी केली, मग फुली केली. "असं किंवा असं. याला एच म्हणतात, त्याला एक्स. मी एच ठरवला होता."

"कशावरून?"

"फोनवर ऐकून."

"फोनवर!" बाबांनी आकाशाकडे पाहिलं. "फोनवर ऐकून मी कधी कुणाला वृंदात घेतलं होतं का? दोन्ही आण. दोन्ही लाव. मी येऊन ऐकतो."

"कुठे येऊन?" हेनीने विचारलं. तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना, आणि त्याला कारण फक्त गाडीचा आवाज नव्हतं.

"तुझ्या गॅरेजात. इथून खिडकीतून ऐकून काय कळणारेय? आणि दार उघड आधी. उभं राहून पाय दुखायला लागले. घरी सूप केलंयस का नाही?"

कॉर्विनने लगबगीने पुढची सीट रिकामी केली आणि तो मागे दुमडून बसला. सूपची गोष्ट त्याला माहीत होती, ते केलेलंच नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. बाबांना घेऊन गाडी गडगडत गावातून परत निघाली तेव्हा प्रत्येक दारात माणसं उभी होती. ज्या एल्डरांनी बैलावरून वाद घातला होता, त्यांनीही फाटकाशी उभं राहून हात हलवला. डॉमिनी ट्युलिपच्या वाफ्यात कॉफीचा डबा शोधत होते, कारण तो परत द्यायचा होता.

सोमवारी सकाळी लॅव्हर्न पश्चात्तापाने पोळलेला होता. "हेनी, दोन्ही पाइप मागवतो. पूर्ण किमतीने! एका दिवसात पोचवायचे जास्तीचे पैसेसुद्धा मी देतो."

"काही नको," हेनी म्हणाली. "आधी फक्त एक्स मागव. एच मागाहून. आणि सावकाश पाठवायचा जो मार्ग असेल ना, फुकटचा, तो निवड."

लॅव्हर्नने तिच्याकडे बघितलं, मग गॅरेजात बघितलं. आत बाबा जुन्या खुर्चीत बसून कॉर्विनला पाने आकाराप्रमाणे लावायला शिकवत होते. लॅव्हर्न फोन काढून फुकटचा मार्ग शोधायला लागला.

एक्स आला. तो लावायला हेनी, कॉर्विन आणि लॅव्हर्न या तिघांना जेवढे दिवस लागायला हवे होते त्याच्या दुप्पट लागले. बाबा रोज यायचे, टोमॅटो सूप प्यायचे आणि त्यात मीठ कमी आहे म्हणायचे. एकदा त्यांनी आपण होऊन हेनीच्या आईचं नाव घेतलं. ती असले चढे आवाज ऐकले की खुदकन हसायची, म्हणाले. हेनी गाडीखाली होती ते बरं झालं.

मग एच आला. या वेळी तो बोटभरही कमी नव्हता. तो लागला त्या दुपारी हेनीने चावी फिरवली आणि गॅरेजात तो जाड, संथ आवाज भरून राहिला. डावी बाजू उजवीचं ऐकत होती, उजवी डावीचं. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा हात खुर्चीवर अगदी हळू, एका लयीत हलत होता. हाच, हे हेनीला कळलं, ज्याला फरक कधीच कळला नव्हता त्या कॉर्विनलाही कळलं. आणि त्याच क्षणी हेनीच्या लक्षात आलं: निकाल लागला होता. आता उद्यापासून बाबांनी यायचं कशाला?

तिने इंजिन बंद केलं. "मग, बाबा?"

बाबांनी डोळे उघडले. कुठल्या ईस्टरला कुणाचा सूर किती घसरला हे तीस वर्षांनी चारचौघांत सांगणाऱ्या त्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या.

"मला त्या एक्सचं नीटसं आठवत नाही," ते म्हणाले. "परत लाव बघू."

हेनीने पाना उचलला.